कष्टांस आमंत्रण देणारे महापुरुष : आचार्य विनोबा भावे

सुखाची ओढ आणि दुःखाचा कंटाळा हा मनुष्यस्वभावच होय. ऊन लागले की माणूस सावली शोधतो, थंडी वाजली की पांघरूण ओढून घेतो आणि कठीण काम पुढे आले की ते उद्यावर टाकतो. ह्यात कोणास दोष देण्याचे कारण नाही. आलेले संकट धीराने सोसणारी माणसे समाजात पुष्कळ आढळतात. परंतु संकट आले नसताना, घरी खाण्यापिण्याची ददात नसताना, केवळ आपले मन व शरीर घडावे म्हणून कष्टांस आमंत्रण देणारी माणसे विरळाच. अशा विरळ माणसांत आचार्य विनोबा भावे ह्यांची गणना करावी लागते. त्यांचे चरित्र कोणा एका ज्ञातीच्या मालकीचे नाही, किंबहुना ज्ञातीची कुंपणे ओलांडण्यातच त्यांचे आयुष्य गेले. तरीही, किंवा म्हणूनच, ज्ञातीच्या ह्या वार्षिक स्मरणिकेत ते आपल्या कुटुंबांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले.

आरंभीच एका शंकेचा विचार करणे इष्ट आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे वडील व आजोबा पोटासाठी गाव सोडून ह्या बाजूस आले. अंबरनाथच्या कारखान्यांत त्यांनी पाळ्या केल्या, चाळीच्या एका खोलीत आठ-दहा माणसांचा संसार केला, पहाटे नळावर रांगा लावल्या. शेजारच्या उल्हासनगरात तर फाळणीनंतर सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी बांधवांनी लष्कराच्या रिकाम्या बराकींत नव्याने चूल मांडली. ह्या मंडळींनी कष्ट निवडले नव्हते, ते त्यांच्यावर कोसळले होते. तेव्हा कोणी सहजच विचारील की, ज्यांनी एवढे सोसले त्यांच्या मुलानातवंडांस आता दोन घास सुखाचे मिळत असता पुन्हा कष्टांची थोरवी कशाला सांगावयाची? शंका रास्त आहे. तिचे उत्तर उपदेशाने देण्यापेक्षा चरित्राने देणे बरे.

विनायक नरहरी भावे ह्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यातील गागोदे ह्या लहानशा खेड्यात झाला. आपल्याकडून कर्जत-खोपोलीवरून पेणकडे जाणाऱ्यांस हा डोंगराळ मुलूख अपरिचित नाही. आजोबा शंभुराव हे व्रतस्थ व भाविक गृहस्थ होते. वडील नरहरपंत हे शास्त्रीय वृत्तीचे असून रंगांच्या रसायनात त्यांस विशेष गोडी होती. नोकरीनिमित्त ते बडोद्यास गेले आणि पुढे कुटुंबही तेथे गेले. आई रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांचे अंतःकरण संतवाङ्मयावर पोसलेले होते.

ह्या आईची एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. तिने एकदा देवास लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला होता. रोज एकेक दाणा मोजून ती वाही. वडिलांनी शास्त्रीय युक्ती सुचविली की, तोळाभर तांदूळ मोजावे, त्यावरून लाखाचे वजन काढावे आणि तूट येऊ नये म्हणून थोडे अधिक घालावे, म्हणजे काम झटपट होईल. आईने मुलास विचारले. मुलाने सांगितले की, हा हिशेबाचा प्रश्न नाही, प्रत्येक दाण्याबरोबर देवाचे स्मरण होते हेच त्या व्रताचे फळ होय. वडिलांचे गणित चुकीचे नव्हते, परंतु जे काम मनास वळण लावण्यासाठी करावयाचे त्यात श्रम वाचविले तर कामच शिल्लक राहत नाही, हे त्या मुलास लहान वयातच उमगले होते. पुढील साऱ्या आयुष्याचे बीज आम्हांस ह्या लहानशा प्रसंगात दिसते.

दहाव्या वर्षाच्या सुमारास विनायकाने ब्रह्मचर्याचा निश्चय केला. ब्रह्मचाऱ्याने गादीवर निजू नये, छत्री वापरू नये, पायांत जोडे घालू नयेत असे त्याच्या वाचनात आले आणि त्याने तिन्ही गोष्टी सोडल्या. गादी व छत्री सोडणे सोपे गेले. परंतु बडोद्याचा उन्हाळा कडक, आणि ह्या मुलास मैलोगणती भटकण्याचा नाद. भर दुपारच्या तापलेल्या रस्त्यावर अनवाणी हिंडल्याचा परिणाम डोळ्यांवर झाला, हे पुढे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. आश्रमातील झाडांच्या छायेत राहणाऱ्या प्राचीन विद्यार्थ्यांचा नियम शहरातील डांबरी उन्हात जसाच्या तसा लागू करण्यात काही शहाणपण नव्हते. म्हणजे निवडलेला प्रत्येक कष्ट फलदायी ठरतोच असे नाही, त्यास विवेकाची जोड लागते. विनोबांस हा धडा प्रथम आपल्या डोळ्यांची किंमत देऊन मिळाला.

शाळेत व महाविद्यालयात त्यांची बुद्धी चमकत होती, गणित तर त्यांचे अत्यंत आवडते. परंतु परीक्षा, पदवी आणि नोकरी ह्या ठरलेल्या वाटेवर त्यांचे मन रमेना. एके दिवशी आईच्या देखत आपली प्रमाणपत्रे त्यांनी चुलीत घातली. परत फिरण्याची वाटच शिल्लक ठेवावयाची नाही, असा त्यातील हेतू होता. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी ते मुंबईच्या गाडीत बसले खरे, पण वाटेत सुरतेस उतरले, वडिलांस पत्र टाकले आणि काशीची वाट धरली. काशीत अन्नछत्रात एक वेळ जेवावे, तेथे दक्षिणा म्हणून मिळणाऱ्या दोन पैशांत संध्याकाळची सोय पाहावी आणि उरलेला वेळ ग्रंथालयात व गंगेच्या काठी घालवावा, असा क्रम त्यांनी ठेवला.

येथे आईबापांच्या दृष्टीने पाहिले तर ही गोष्ट किती दुःखाची, हे आम्ही शिक्षकाच्या पेशात आयुष्य घालविल्यामुळे जाणतो. हुशार मुलगा परीक्षा सोडून निघून जातो, ह्याचे समर्थन आम्ही सरसकट करणार नाही. घरातील तरुणांनी ह्या प्रसंगाचे अनुकरण करावे असाही आमचा आशय नाही. एवढेच लक्षात घ्यावे की, अभ्यासाच्या कंटाळ्याने सोपी वाट शोधणारा हा मुलगा नव्हता. त्याने सोपी वाट सोडून अधिक अवघड अभ्यास पत्करला आणि तो मरेपर्यंत सोडला नाही.

काशीस हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात फेब्रुवारी १९१६ मध्ये गांधीजींनी केलेल्या भाषणाची हकीकत विनोबांच्या वाचनात आली. पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळील कोचरब येथील आश्रमात दोघांची भेट झाली. गांधीजी त्या वेळी भाजी चिरीत होते. त्यांनी ह्या नव्या पाहुण्याच्याही हाती सुरी दिली. देशाचा एवढा मोठा पुढारी भाजी चिरीत बसतो हे पाहून विनोबा चकित झाले, आणि श्रमाचा पहिला पाठ त्यांस पहिल्याच भेटीत मिळाला. विनोबांची प्रकृती कृश होती. साधकाने शरीर असे दुबळे ठेवणे बरे नव्हे, हेही गांधीजींनी त्यांस तेव्हाच सुचविले.

आश्रमातील कष्टांत सर्वांत अवघड होते ते मैला सफाईचे काम. शरीराच्या श्रमापेक्षा मनाची किळस जिंकणे कितीतरी कठीण. विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा ह्यांनी ते काम अंगावर घेतले आणि विनोबा त्यांच्या जोडीस उभे राहिले. शुचितेच्या कल्पनांत वाढलेल्या घरातील दोन भावांनी हे करणे त्या काळी केवढे धाडसाचे होते, हे आजच्या तरुणांस सांगूनही पुरते समजणार नाही.

१९१७ साली त्यांनी आश्रमातून एक वर्षाची रजा घेतली. प्रकृती सुधारणे आणि संस्कृत ग्रंथांचे अध्ययन करणे असे तिचे दोन हेतू होते. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे ह्यांच्यापाशी त्यांनी उपनिषदे, गीता, शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रे व योगदर्शन ह्यांचा अभ्यास केला. शरीरासाठी रोज दहा-बारा मैल चालावे, पुढे सहा-आठ शेर धान्य जात्यावर दळावे आणि त्यानंतर तीनशे सूर्यनमस्कार घालावे, असा चढता व्यायाम ठेवला. सामान म्हणजे एखादे धोतर, कांबळे, लोटा, ताट-वाटी आणि ग्रंथ. महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांतून पायी प्रवास केला, रायगड, सिंहगड, तोरणा असे गड पाहिले, गावोगाव गीतेवर प्रवचने केली. वर्षभरात काय केले व काय राहिले ह्याचा सविस्तर हिशेब पत्राने गांधीजींस कळविला आणि मुदत संपताच ते आश्रमात हजर झाले. आमच्या मते ही रजा हा त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अनुकरणीय भाग होय. तीत हेतू स्पष्ट होता, मुदत ठरलेली होती आणि शेवटी हिशेब होता.

१९१८ च्या ऑक्टोबरात इन्फ्लुएन्झाच्या साथीत आई गेली. गीता सोप्या मराठीत वाचावयास मिळावी ही तिची इच्छा होती. मुलाने ती पुढे १९३०-३१ साली गीताई लिहून पूर्ण केली. तत्पूर्वी ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा वर्ध्यास येऊन तेथील आश्रम चालवू लागले होते. १९२३ साली नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांस तुरुंगवास घडला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी बंदिवानांपुढे गीतेच्या अठरा अध्यायांवर दर आठवड्यास एक याप्रमाणे प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. इतरांस जो कारावास वाटे तो विनोबांस अभ्यासाचा मठ वाटे. पुढे वेल्लोरच्या तुरुंगात तर त्यांनी दक्षिणेच्या चारही भाषा एकदम शिकावयास घेतल्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावर नव्या लिपीची मुळाक्षरे गिरविणे हाही एक कष्टच होय, आणि तो फार थोडे लोक आपखुशीने पत्करतात.

१९३५ च्या सुमारास वर्ध्याजवळील नालवाडी येथे त्यांनी एक विलक्षण प्रयोग केला. खादीसाठी सूत कातणाऱ्या गरीब बायकांस दिवसभराच्या श्रमाबद्दल अवघे काही पैसे मिळत. त्या कशा जगतात हे नुसते ऐकून कळावयाचे नाही, असे मनात येऊन विनोबांनी रोज आठ-आठ तास सूत कातावयास आरंभ केला. काही वेळ उजव्या हाताने, काही वेळ डाव्या हाताने कातावे, आणि चालू दराने जी मजुरी होईल तीतच आपले जेवण बसवावे, असा नियम केला. ती किती अपुरी होती हे त्यांच्या ताटातच दिसू लागले. त्याच सुमारास चरखा संघाने कातणाऱ्यांस पोटापुरती मजुरी देण्याचे धोरण स्वीकारले. ह्या प्रयोगात कष्टाचे स्वरूप बदललेले वाचकांच्या लक्षात येईल. बडोद्याच्या उन्हात अनवाणी चालणारा मुलगा केवळ स्वतःस तावून घेत होता. नालवाडीचा कातणारा मात्र दुसऱ्याचे दुःख आपल्या अंगावर घेऊन मोजीत होता.

परंतु शरीर किती ताणावे ह्यासही मर्यादा आहे. १९३८ साली त्यांचे वजन ८८ पौंडांवर, म्हणजे सुमारे ४० किलोवर आले. गांधीजींस चिंता वाटली व त्यांनी हवापालटास जाण्याचा आग्रह धरला. विनोबांनी दूरचे थंड हवेचे ठिकाण न निवडता वर्ध्यापासून काही मैलांवर धाम नदीच्या काठी पवनार येथे जमनालाल बजाज ह्यांच्या बंगल्यात राहावयाचे ठरविले. साऱ्या कामांची चिंता मनातून काढून टाकली आणि कुदळ घेऊन जमीन खणू लागले. पहिल्या दिवशी केवळ पाच मिनिटे, मग रोज थोडी थोडी वाढ, असे करीत ते तासांवर गेले. आहार, विश्रांती व श्रम ह्यांचा मेळ बसताच दहा महिन्यांत वजन १२८ पौंडांपर्यंत वाढले. ज्या माणसाने उपाशी राहण्याची शर्यत जिंकली असती, त्याने प्रकृती सुधारण्याचेही काम तितक्याच नेटाने केले. पहिल्या दिवसाची ती पाच मिनिटे आमच्या तरुण वाचकांनी विसरू नयेत.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांची निवड केली आणि त्यांचे नाव देशभर झाले. मान वाढला की माणसाची खुर्ची उंच होते असा जगाचा अनुभव आहे. विनोबांचे उलट झाले. तुरुंगवासातून सुटून आल्यावर, १९४६ पासून सुमारे वीस महिने, ते रोज सकाळी खांद्यावर फावडे टाकून पवनारहून तीन मैलांवरील सुरगाव ह्या खेड्यात जात. गावकरी रस्त्याच्या कडेला शौचास बसत, तो मैला हे उचलीत. ऊन असो, पाऊस असो, खंड नाही. एकदा ओढ्यास पूर आल्याने पलीकडे जाणे अशक्य झाले, तेव्हा ह्या काठावरूनच त्यांनी पलीकडच्या माणसास हाक मारून, गावचा सफाईवाला येऊन गेला असे देवळात सांगावयास लावले व मगच ते माघारी वळले. व्याख्यान एकही दिले नाही. हे काम गांधीजींच्या हत्येनंतर, निर्वासितांच्या व मेवातींच्या पुनर्वसनासाठी दिल्लीकडे जावे लागले तेव्हाच थांबले.

ह्या कामासंबंधी एक गोष्ट स्पष्ट बोलणे आम्ही कर्तव्य समजतो. विनोबांनी जे वीस महिने स्वेच्छेने केले, ते आपल्या समाजाने काही जातींकडून पिढ्यान्‌पिढ्या सक्तीने करवून घेतले होते. निवड करणाऱ्यास तप म्हणावे आणि सक्तीने करणाऱ्यास तुच्छ लेखावे, ह्यासारखा अन्याय नाही. हाताने मैला उचलावयास लावण्याची प्रथा कायद्याने १९९३ साली व पुन्हा अधिक कडकपणे २०१३ साली निषिद्ध ठरविली, तरी गटारात उतरून माणसे मेल्याच्या वार्ता अद्याप येतात. विनोबांच्या सुरगावच्या फावड्याचा खरा अर्थ घाणीची सवय करून घेणे हा नव्हता. जी घाण आपण करतो ती दुसऱ्याच्या डोक्यावर जाते, ही लाज आपणास वाटली पाहिजे, हा होता.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत प्रसिद्ध कष्ट म्हणजे पदयात्रा. १९५१ च्या एप्रिलमध्ये हैदराबादजवळील शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन होते. आगगाडीची सोय असताना विनोबांनी पवनारहून तेथे सुमारे तीनशे मैल पायी जावयाचे ठरविले. पुढे तेलंगणातील अशांत भागातून हिंडताना १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली गावी भूमिहीन हरिजनांनी ८० एकर जमिनीची मागणी केली आणि गावातीलच रामचंद्र रेड्डी ह्यांनी १०० एकर देऊ केली. भूदानाचा उगम असा झाला. गाडीने जाणाऱ्यास ती भेट घडली नसती. पायी चालण्याचा कष्ट पत्करल्यामुळेच माणसे भेटली आणि माणसे भेटल्यामुळेच कार्य सापडले.

त्यानंतर १९६४ पर्यंत हे चालणे चालूच राहिले. पहाटे तीनच्या सुमारास उठावे, प्रार्थना करून कंदिलाच्या उजेडात निघावे आणि दहा-पंधरा मैलांवरील पुढचे गाव गाठावे. पोटात व्रण असल्याने आहार बहुधा दूध-दह्याचा. १९५२ च्या डिसेंबरात बिहारमधील चांडील येथे हिवतापाने ते मरणाच्या दारी पोचले. औषध घेण्याचे त्यांनी प्रथम नाकारले, परंतु मोठमोठ्यांची विनवणी पाहून अखेर घेतले. हट्ट सोडणे हेही तपाचेच अंग आहे. १९५३ साली देवघर येथे हरिजनांसह मंदिरात जाताना पंड्यांनी मारहाण केली, त्यात कानास इजा होऊन ऐकणे मंदावले, तरी कोणास शिक्षा व्हावी अशी इच्छा त्यांनी धरली नाही. १९६० साली चंबळच्या खोऱ्यात अनेक दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली.

चरित्र लिहिताना केवळ गुणगान करणे हे वाचकांची फसवणूक करण्यासारखे आहे. भूदानात चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन मिळाल्याचे जाहीर झाले, परंतु तिच्यातील पुष्कळशी खडकाळ वा वादग्रस्त निघाली आणि बरीच प्रत्यक्षात भूमिहीनांच्या हाती पडली नाही. १९७५ साली आणीबाणी पुकारली गेली तेव्हा त्यांनी घेतलेली भूमिका अनेक चाहत्यांसही रुचली नाही व तिची टीका आजही होते. कठोर जीवनाने माणसाचे मन बळकट होते, पण त्याचा प्रत्येक निर्णय अचूक ठरतोच असे नव्हे. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर अन्न व औषध सोडून, १५ नोव्हेंबर रोजी, ऐन दिवाळीत, पवनार येथे त्यांनी देह ठेवला. १९८३ साली त्यांस मरणोत्तर भारतरत्न किताब देण्यात आला.

आता आरंभीच्या शंकेकडे वळू. कोसळलेले कष्ट आणि निवडलेले कष्ट ह्यांत भेद आहे. बदलापूरहून निघणाऱ्या लोकल गाडीच्या दारात लोंबकळत कामावर जाणे हे तप नव्हे. २००५ च्या महापुराने उल्हास नदीकाठच्या घरांत शिरलेला चिखल उपसणे हेही तप नव्हे. ज्या त्रासाचे निवारण करता येते, त्याचे निवारण मागणे हा नागरिकांचा हक्क आहे आणि तो सहनशीलतेच्या नावाखाली सोडता कामा नये. आपल्या वाडवडिलांच्या हालांची आठवण कृतज्ञतेने ठेवावी, पण ते हाल पुन्हा यावेत अशी इच्छा कोणी धरू नये.

मात्र त्या हालांतून वाडवडिलांस एक गोष्ट फुकट मिळाली होती, ती म्हणजे अडचणीची भीती नसणे. आज घरात नळ आहे, पंखा आहे, मुलास शाळेच्या दारापर्यंत वाहन आहे. ह्याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु त्यामुळे पूर्वी परिस्थितीने जे शिकविले ते आता आपणांस हेतुपूर्वक शिकवावे लागेल. शाळेत आम्ही पुष्कळदा पाहिले की, मुले हुशार असूनही फळ्यापुढे उभे राहण्यास कचरतात, एक गणित चुकले की पाटी बाजूला ठेवतात, आणि आईबाप प्रेमापोटी त्यांची प्रत्येक अडचण स्वतःच दूर करून ठेवतात. त्या प्रेमाबद्दल शंका नाही. परंतु ज्या मुलास कधी थकू दिले नाही, त्यास आपण थकल्यानंतरही दोन पावले चालू शकतो हे कळणार कसे?

विनोबांच्या आयुष्यावरून कष्ट निवडण्याचे काही नियम आम्हांस दिसतात. कष्टास हेतू असावा. त्याची सुरुवात पवनारच्या पाच मिनिटांप्रमाणे लहान असावी. शरीराचा नाश होईल इतका तो ताणू नये. त्याचा गाजावाजा नसावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपल्या कष्टाचे ओझे दुसऱ्यावर पडू नये. पुरुषमंडळींनी एकादशीचा उपवास धरावा आणि घरातील स्त्रीने साबुदाणा भिजवावा, रताळी किसावी, वऱ्याचे तांदूळ निवडावे व शिवाय मुलांचा स्वयंपाक वेगळा करावा, ह्यात तप कोणाचे घडते ह्याचा विचार ज्याने त्याने करावा. खरा संकल्प करावयाचा असेल तर त्या दिवशी पुरुषांनी भांडी घासावीत.

ज्ञातिमंडळापुरते बोलावयाचे तर एक लहानशी सूचना करून आम्ही लेखणी आवरतो. स्नेहसंमेलन होते, पंगती उठतात, छायाचित्रे निघतात आणि मंडळी घरोघरी जातात. मागे उरलेली खरकटी पाने, सांडलेले अन्न आणि सभागृहाचे संडास कोणी तरी मजूर साफ करतो. ह्या वर्षापासून हे काम आपल्याच कुटुंबांनी पाळीपाळीने करावे, त्यात पदाधिकाऱ्यांची पाळी प्रथम असावी आणि दहावी-बारावीत पारितोषिके मिळविणाऱ्या मुलामुलींची दुसरी. मजुराची ठरलेली मजुरी मात्र कापू नये, ती त्यास द्यावीच आणि त्यास पहिल्या पंगतीत बसवावे. किळस वाटेल, कंबर दुखेल, कोणी हसेलही. परंतु सुरगावच्या वाटेवर वीस महिने चाललेल्या त्या कृश माणसाचे चरित्र आपल्या घरात खरोखर वाचले गेले की नुसते छापले गेले, ह्याची परीक्षा तेथेच होईल.